लाल बावटा कलापथक : एका पहाडी आवाजाची बखर

सोलापूरचा लौकिक चादरींचा खरा. परंतु १८७७ साली जुनी मिल उभी राहिल्यापासून भोंग्याच्या हुकुमाने उठणारी जी मजूरवस्ती या मुलखात वाढली, आणि १९३० च्या मार्शल लॉने जिला सरकारी अंमलाचे खरे रूप दाखविले, तिच्या दुःखाला तोंड फोडणारा गळाही याच जिल्ह्याने दिला. बार्शीस १९१६ साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, हे कधी मोटारीवर क्लीनर, कधी गिरणीत कामगार, तर संपापायी कधी सरकारचे कैदी, असे टक्केटोणपे खात मुंबईस आले. तेथे वाटेगावचे अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांची गाठ पडून १९४४ साली या तिघांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले.  हाताशी होते डफ, तुणतुणे नि ढोलकी!

या मंडळींनी तमाशाचा साचा मोडला नाही, त्याचा आत्मा मात्र पालटला. गणात गणपतीऐवजी मायभूमी, शिवछत्रपती आणि हुतात्मे यांना मुजरा होऊ लागला, गौळण रजा घेऊन गेली, आणि सोंगाड्याच्या हजरजबाबीपणापुढे सावकार व गिरणीमालक निरुत्तर होऊ लागले. मुंबई सरकारने मनाई केली, तेव्हा तोच ऐवज ‘लोकनाट्य’ या नावाने पुन्हा रंगमंचावर आला. हुकूमनाम्याची इतकी सुरेख फजिती क्वचितच झाली असेल. लेखणी मुख्यतः अण्णाभाऊंची. पण मैदानातील शेवटच्या माणसापर्यंत ती पोहोचविली अमर शेखांच्या पहाडी आवाजाने, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात व्याख्यानांना जे साधले नाही ते या आवाजाने साधले, असे माझे स्पष्ट मत आहे.

अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले. अमर शेखांना त्याच वर्षी २९ ऑगस्टला अपघाताने नेले. पुढे विलास घोगरे, संभाजी भगत यांनी डफ हाती घेतला तो याच परंपरेतून. अण्णाभाऊंची कादंबरी आज विद्यापीठांत अभ्यासली जाते, हे योग्यच. परंतु ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे अमर शेखांचे काव्यसंग्रह सोलापूरकर वाचकाने तरी एकवार मिळवून वाचावेत.