बोंडअळी मरते, तरी उरते

सरकी फोडली की आतल्या गरावर काळपट ठिपके दिसतात. त्या गॉसिपॉल या कपाशीच्या स्वतःच्या विषाच्या ग्रंथी. गुलाबी बोंडअळी मात्र तीच सरकी खाऊन पोसते. २००२मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीने जिवाणूचं उसनं विष आणलं, २००६मध्ये बोलगार्ड-२ने दुसरं. दहा वर्षांच्या आत गुजरातेत ही अळी पहिल्या विषाला दाद देईनाशी झाली आणि २०१७मध्ये विदर्भात दोन्ही विषं पचवून तिने बोंडं पोखरली. विष कमी पडलं, आता तिसरं आणा, असं लगेच म्हटलं जातं. मला ते पटत नाही. किती अळ्या मेल्या यापेक्षा वाचलेल्यांचा जोडा कुणाशी जमतो, यावर पुढची संख्या ठरते. विष पचवण्याचा गुण सहसा आईबाप दोघांकडून आला तरच अळीला तारतो. शेजारी बिगर-बीटी ओळी असल्या, तर तिथल्या साध्या पतंगांशी संकर होऊन पुढची पिढी बीटीवर मरते. अमेरिकन बोंडअळीला हा आसरा तूर-हरभऱ्यात आयता मिळतो. गुलाबी बोंडअळीचा संसार जवळजवळ सगळा कपाशीवरच.

बिगर-बीटी बियाण्याची पुडी पाकिटाबरोबर मिळायची, पण बहुतेक ठिकाणी पेरली गेली नाही. चार एकरवाल्याने किडीसाठी ओळी का सोडाव्यात, हा आक्षेप रास्तच आहे. त्याचं उत्तर चीनच्या यांगत्से खोऱ्यात सापडतं. तिथे कुणाच्या सक्तीविना बीटी आणि बिगर-बीटीच्या संकरातून आलेल्या कपाशीच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं पेरलं गेलं. त्यात चार झाडांमागे साधारण एक आपोआप बिगर-बीटी निघतं. वाढू लागलेली प्रतिकारशक्ती मागे फिरली, किडीची संख्या खाली राहिली आणि फवारण्याही घटल्या. म्हणजे पाव भाग झाडं उघडी ठेवूनही एकूण पीक अधिक सुरक्षित झालं.

आपल्याकडे फरदडीने, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवल्याने, उलटं घडतं. कपाशी म्हातारी होते तसं तिच्यातलं बीटी प्रथिन कमी होतं आणि शेवटच्या वेचणीच्या आशेने उभी ठेवलेली पऱ्हाटी अळीला अर्धवट विषावर आणखी पिढ्या काढू देते. अनुकूल हवेत एक पिढी साधारण महिन्याभरात उरकते. पाणी असताना फरदड दोन पैसे देते हे खरं, पण त्याच अळ्या सरकीत सुप्तावस्थेत राहतात, पुढच्या हंगामात त्यांची पिल्लं फुलांच्या पाकळ्या जाळ्याने बांधून डोमकळ्या करतात, आणि तो खर्च फरदड न घेणाऱ्या शेजाऱ्यालाही भरावा लागतो.