आष्टीचा सरदार आणि नवलगुंदची रयत

बापू गोखले म्हटले की मराठी वाचकाला आष्टी आठवते. २० फेब्रुवारी १८१८ रोजी दुसरा बाजीराव पळून गेला आणि बापू मागे उभे राहून लढता लढता पडले. साडेतीन महिन्यांपूर्वी, ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या मैदानात घोडदळाची मोठी चाल त्यांनीच केली होती. दलदलीत घोडी अडली, जरीपटका सांभाळणारे मोरोपंत दीक्षित कामी आले आणि डाव फसला. या दोन लढायांवर बापूंची मराठीतली कीर्ती उभी आहे, आणि ती खोटी नाही. पण हा माणूस सरदार म्हणून घडला तो पुण्याच्या आसपास नव्हे, तर मलप्रभा आणि तुंगभद्रा यांच्या मधल्या काळ्या मातीत. हुबळी, रायापूर, धारवाड, नवलगुंद, गदग, कुंदगोळ हा तो टापू. मराठेशाहीच्या या अखेरच्या नामांकित सेनानीचे नाव त्या टापूच्या लोकस्मृतीत का उरले नाही? माझे उत्तर असे की लढवय्याचा वारसा त्याच्या शौर्यावर जेवढा टिकतो, त्याहून अधिक त्याच्या फौजेचा खर्च ज्या जमिनीतून निघाला, तिथल्या माणसाच्या अनुभवावर टिकतो. बापूंच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध गेल्या.

आधी घडण पाहू. १७९१ च्या एप्रिलमध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकर तुकडीच्या साथीने टिपूच्या बद्रुज्जमानखानाकडून धारवाडचा किल्ला घेतला. वेढा सहा महिन्यांहून अधिक चालला होता. त्यानंतर या भागात गोखल्यांचे बस्तान बसले. बापूंचे चुलते धोंडोपंत इथले मुख्य सरदार झाले, नवलगुंद-गदगचा पट्टा त्यांच्या ताब्यात आला. धोंडोपंतांचे वैर जडले ते धोंडिया वाघाशी. चन्नगिरीचा हा धाडसी पुंड टिपूच्या कैदेतून १७९९ साली सुटला आणि वर्षभरात त्याने हजारो स्वार जमवले. ३० जून १८०० रोजी कित्तूरच्या बाजूला त्याने धोंडोपंतांना गाठून ठार केले. शत्रूच्या रक्ताने मिशा रंगवण्याची शपथ त्याने पुरी केली, असे सांगतात. चिंतामणराव पटवर्धन आणि तरुण बापू उरलेली फौज घेऊन कसेबसे निसटले. पुढे कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली याच्या मोहिमेला हे दोघे मिळाले. वेलस्लीने हुबळीच्या दक्षिणेला असलेले कुंदगोळ घेतले, नंतर डंबळ घेतले, आणि १० सप्टेंबर १८०० ला रायचूरच्या बाजूला कोनगळ येथे धोंडिया मारला गेला. ज्यांच्याशी लढताना बापू अठरा वर्षांनी मरणार होते, त्यांच्याच छावणीत त्यांचे सेनापतिपण सुरू झाले. १८०३ मध्ये बाजीरावाला गादीवर बसवायला वेलस्ली पुण्याकडे निघाला, तेव्हाही गोखल्यांचे स्वार त्याच्या सोबत होते. हा विरोधाभास मराठी चरित्रकथनात झटकन उरकला जातो.

आता १८१७ कडे येऊ. १३ जून १८१७ च्या पुणे तहाने बाजीरावाने जो मुलूख सोडला त्यात धारवाडचा किल्ला होता, आणि हुबळीलगतचे कुसुगलही होते. तो मुलूख ताब्यात घेऊन बंदोबस्त लावण्यासाठी कंपनीचा अधिकारी थॉमस मन्रो धारवाडात आला. नोव्हेंबरात युद्ध पेटले तेव्हा त्याच्या हाताशी नियमित फौज अगदी थोडी होती. त्याने दुसराच मार्ग काढला. पेशव्यांच्या परगण्यांत त्याने आपले अंमलदार नेमले, त्यांना स्थानिक शिबंदी दिली, आणि वसूल आता आमच्याकडे भरा, असे गावोगाव कळवले. गावे वळली. नवलगुंदला गोखल्यांच्या बाजूचे घोडदळ होते, पण मन्रोच्या रामराव नावाच्या अंमलदाराने पायी शिबंदीच्या जोरावर ते उधळून लावले. जानेवारी १८१८ मध्ये गदग, डंबळ आणि हुबळी ही ठाणी गेली, फेब्रुवारीत बदामी, एप्रिलमध्ये बेळगाव, मे महिन्यात सोलापूर. बापू आष्टीला पडले त्याआधीच त्यांच्या घराण्याचा कर्नाटकातला आधार निसटला होता, आणि तो निसटला तो मुख्यतः तोफांनी नव्हे. तोफा बदामी-बेळगावला लागल्या. नवलगुंदच्या खेड्यांत फक्त वसूल घेणारा हात बदलला.

तो बदलावासा का वाटला, याचा पुरावा कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याच्या १८१९ च्या अहवालात आहे. बाजीरावाच्या काळात महाल इजाऱ्याने दिले जात, जास्त बोली करणाऱ्याकडे जात, आणि इजारदाराला आपली मुदत संपण्याआधी भरलेला पैसा नफ्यासकट काढायचा असे. जेत्याने लिहिलेला अहवाल म्हणून त्याकडे सावधपणे पाहायलाच हवे. हरलेल्याची राजवट काळी रंगवण्यात जेत्याचा फायदा असतो. पण गावे इतक्या लवकर का वळली, याचा खुलासा नुसत्या प्रचाराने होत नाही. आणि ही गावे कंपनीच्या प्रेमात नव्हती, हे पुढच्या बारा वर्षांनी दाखवून दिले.

कित्तूरचे उदाहरण इथे निर्णायक आहे. पेशव्यांनी कित्तूरच्या मल्लसर्ज देसायांना कैदेत ठेवले होते, १८१६ मध्ये त्यांचा अंत झाला. १८१८ साली बेळगावच्या वेढ्यात कित्तूरने मन्रोला मदत केली. त्याच कित्तूरने सहा वर्षांनी, २३ ऑक्टोबर १८२४ रोजी, धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला किल्ल्यासमोर मारले, कारण आता कंपनी दत्तकाचा हक्क नाकारून संस्थान गिळायला निघाली होती. डिसेंबरात किल्ला पडला, कित्तूरची राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत फेब्रुवारी १८२९ मध्ये वारली. त्यानंतर उठला संगोळ्ळी रायण्णा. हा सरदार नव्हे, जहागीरदारही नव्हे. तो शेतसनदी होता, म्हणजे गावाच्या चाकरीबद्दल जमीन कसणारा शिपाईगडी. कंपनीने त्याच्या जमिनीचा भाग काढून घेतला आणि उरलेल्यावर भारी सारा बसवला. त्याच्या टोळ्यांनी सरकारी कचेऱ्या जाळल्या, दप्तरे जाळली. १८३० च्या एप्रिलमध्ये फितुरीने तो पकडला गेला आणि २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला फासावर गेला. मन्रोच्या शिबंदीतले पायदळ आणि रायण्णाचे साथी गावाच्या एकाच थरातले असावेत, असे मला वाटते. १८१८ मध्ये ज्या माणसाने पेशव्यांचा अंमल उठवायला हात लावला, त्याच प्रकारच्या माणसाने १८२९ मध्ये कंपनीचा अंमल उठवायला हत्यार घेतले. दोन्ही वेळी मूळ कारण जमीन.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: दोष बाजीरावाचा, बापूंच्या माथी का मारायचा? इजाऱ्याची पद्धत बापूंनी काढली नाही, हे मान्य. पण त्या काळचा सरदार म्हणजे पगारी सेनाधिकारी नव्हे. सरंजामाच्या मुलखातून वसूल घ्यायचा, त्यावर पथक ठेवायचे आणि हाक आली की स्वार होऊन जायचे, ही त्याची नोकरी. लढाई आणि वसूल ही एकाच माणसाची कामे होती. खडकीच्या चालीचे श्रेय बापूंना द्यायचे आणि ज्या गावांनी त्या घोड्यांचा दाणा पुरवला त्यांचा हिशेब पुण्याच्या वाड्यावर टाकायचा, ही वाटणी न्यायाची नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रायण्णाची आजची कीर्ती ही भाषिक राजकारणाची निर्मिती आहे, आणि धारवाडातून मराठी नावे पुसली गेली ती कन्नड अस्मितेमुळे, असा तो आक्षेप. यात तथ्यांश आहे. मुंबई इलाख्यात या जिल्ह्यांच्या शाळा-कचेऱ्यांवर मराठीचा पगडा होता. डेप्युटी चन्नबसप्पांनी कन्नड शाळांसाठी झगडा केला, १८९० मध्ये धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला, आणि त्या लाटेत पेशवाईचा काळ परका ठरला. बंगळूरच्या मुख्य रेल्वे स्थानकाला रायण्णाचे नाव देणे किंवा हुबळीच्या भर चौकात चन्नम्मेचा अश्वारूढ पुतळा उभारणे ही शासनाची, पक्षांची, समाजांची कामे आहेत. मात्र रायण्णाचे पोवाडे कन्नडमध्ये आधीपासून गायले जात होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लीटसारख्या इंग्रज अधिकाऱ्यानेच ते टिपून छापले, तेव्हा भाषावार राज्याची कल्पनाही कोणाच्या मनात नव्हती. शिवाय नंदगड आहे खानापूर तालुक्यात, म्हणजे मराठी बोलणाऱ्या पट्ट्यात. तिथल्या रायण्णाच्या नावाशी जोडलेल्या वडाला मुलाच्या आशेने पाळणे बांधले जातात. नवस करणारी बाई त्या झाडापाशी भाषेचा वाद घेऊन येत नाही. शासनाने स्मृती फुगवली असेल, पण मुळात काही नसते तर फुगवायला काय होते?

तिसरे म्हणणे असे की मराठी सत्तेचा ठसा इथून पुसला गेलाच नाही, तेव्हा प्रश्नच चुकीचा आहे. हे खरे आहे, पण तो ठसा कोणाचा ते पाहावे. १८०० मध्ये बापूंच्या बरोबर जीव वाचवून निसटलेले चिंतामणराव पटवर्धन १८१८ नंतर कंपनीशी वाटाघाट करून सांगलीच्या गादीवर राहिले. फौजेने चाकरी करण्याऐवजी त्यांनी धारवाडकडचा काही मुलूख तोडून दिला, आणि १८५१ मध्ये ते वारले तेव्हा संस्थान शाबूत होते. शिरहट्टी सांगलीकडे राहिली, कुंदगोळ जमखंडीच्या पटवर्धनांकडे राहिले. वेलस्लीने धोंडियाच्या माणसांकडून घेतलेले हेच ते कुंदगोळ. संस्थाने विलीन होईपर्यंत तिथे पटवर्धनी अंमल होता, आणि त्याच अमलात १८८६ साली जन्मलेल्या रामभाऊंना, म्हणजे सवाई गंधर्वांना, पुणे आणि धारवाड दोन्ही आजही आपले म्हणतात. गाणे शिकायला त्यांच्याकडे गदगहून भीमसेन जोशी गेले. जे शेवटपर्यंत लढले नाहीत त्यांचे या मातीत असे काही उरले. जे लढले त्यांचा नवलगुंदचा ताबा आष्टीच्या आधीच गेला होता, आणि बापूंचा मराठी चरित्रकार आष्टीच्या धुरळ्यातून मागे वळून तिकडे क्वचितच पाहतो.