बटाट्याविना पावभाजी

घाटकोपर पूर्वेला वल्लभबाग लेनच्या खाऊगल्लीत पावभाजी मागितली, की तव्यामागून पहिला प्रश्न येतो, ‘जैन की रेग्युलर?’ मुलुंड पश्चिमेला, बोरिवलीत, पार्ल्यातही हा प्रश्न सर्रास ऐकू येतो. मराठी गिऱ्हाईक बहुधा विचार न करता ‘रेग्युलर’ म्हणून मोकळं होतं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटासुद्धा नाही, मग पावभाजीत उरलं काय, असा आपला समज. तो बदलावा म्हणून हा लेख. मन लावून केलेली जैन पावभाजी हा स्वतंत्र पदार्थ आहे. त्यामागे विचार आहे, हातखंडा आहे, आणि उपनगरांतल्या तवेवाल्यांनी तो रोजच्या गिऱ्हाइकीतून कमावला आहे.

आधी नियम पाहू. जैन आहारविचारात कंदमुळं अनंतकाय मानली जातात, म्हणजे एका शरीरात अनंत जीव. शिवाय कंद उपटला की अख्खं झाड जातं. म्हणून कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा, ओलं आलं हे सगळं वर्ज्य. वाळवलेली सुंठ आणि हळद मात्र बहुतेक घरांत चालते. काही कुटुंबं फ्लॉवर आणि कोबीही टाळतात, कारण त्यांच्या घड्यांत अळ्या दडलेल्या असतात. अष्टमी-चतुर्दशीला आणि पर्युषणात बरेच जण हिरवी भाजी खात नाहीत. चोविहार पाळणारे सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, त्यामुळे बाहेर खायचं तर दिवेलागणीच्या आत. पाळणारे सगळे सारखंच पाळतात असं नाही. एकाच घरात आजीचे नियम वेगळे आणि नातवाचे वेगळे असतात. तवेवाल्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो ‘कोबी चालेल ना?’ असंही विचारून घेतो.

मराठी माणसाला यात परकं वाटावं असं काय आहे? आषाढ शुद्ध नवमीला आपल्याकडे कांदेनवमी होते. कांदाभजी, कांद्याची थालीपिठं, भरली वांगी असं सगळं त्या दिवशी खाऊन घ्यायचं आणि मग कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण, वांगं बंद. हा चातुर्मास आज थोड्याच घरांत पाळला जातो, पण नैवेद्याच्या पानात कांदा-लसूण आजही नसतो. अळूचं फदफदं, लाल भोपळ्याची भाजी, गोडं वरण यांना बेचव म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. कच्च्या केळ्याचे काप तर कोकणात घरोघरी होतात. कांद्याविना रांधायची विद्या आपल्या घरात होती आणि आहे. पावभाजीपाशी येऊनच आपण ती विसरतो.

आता तव्याकडे वळू. नेहमीच्या पावभाजीत बटाटा भाजीला अंग देतो. त्यातला स्टार्च पाणी आणि लोणी धरून ठेवतो, म्हणून भाजी पावावर पसरते, गळत नाही. कांदा परतला की गोडवा येतो. कांदा आणि लसूण या दोघांतल्या गंधकाच्या संयुगांमुळे ती ओळखीची, भूक चाळवणारी खमंग वाफ उठते. बीट टाकणारे ते रंगासाठी टाकतात. हे सगळं एकदम काढून घेतलं, तर प्रत्येकाच्या कामासाठी वेगळा पर्याय शोधावा लागतो. तसा शोधला नाही, तर टोमॅटोचं आंबट सार हाती येतं. वाईट जैन पावभाजी बहुतेक वेळा अशीच असते, आणि तिच्यामुळेच चांगलीचं नाव खराब होतं.

बटाट्याच्या जागी कच्चं केळं येतं. पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होते. कच्चेपणी त्यात बहुतांश स्टार्चच असतो. म्हणून उकडलेलं कच्चं केळं घोटलं की बटाट्याइतकंच, किंबहुना काकणभर जास्तच, मिळून येतं. त्याला किंचित तुरट चव असते आणि चीक असतो, एवढं सांभाळावं लागतं. दुसरा स्वभाव असा, की गार होताना ते बटाट्यापेक्षा लवकर आवळून येतं. तव्यावर सैल दिसणारी भाजी ताटलीत पाच मिनिटांत घट्ट होते. जाणता तवेवाला म्हणूनच ती मुद्दाम पातळ ठेवतो.

कांदा-लसणीची जागा घेतो हिंग. हिंगाच्या वासामागेही गंधकाचीच संयुगं असतात, त्यामुळे नाकाला कांदा-लसणीची उणीव भासत नाही. हिंग म्हणजे फेरुला जातीच्या झाडाच्या मुळाला छेद देऊन काढलेला आणि वाळवलेला चीक. मूळ खाल्लं जात नाही, म्हणून तो चालतो. आपल्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान या बाजूने येत राहिला. भारतात हिंगाची पहिली लागवड लाहौलच्या खोऱ्यात झाली ती २०२० च्या ऑक्टोबरात, पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने. तरीही हिंगाच्या व्यापारात मुंबई जुनी आहे. लालजी गोधू ही इथली पेढी १८९४ पासूनची. डबीत मिळणारा हिंग बहुधा पीठ आणि डिंक मिसळून सौम्य केलेला असतो. त्याचा वास खुलतो तो गरम तेला-तुपात. वरून भुरभुरला तर कडवट लागतो.

माझ्या मते तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि घरी करणारे नेमकी तीच गाळतात. ती म्हणजे कोबी. कोबी अगदी बारीक चिरून मोठ्या आचेवर कडा तपकिरी होईपर्यंत परतला, तर कांद्यासारखा गोडवा येतो आणि गंधकाचा अंशही. ज्यांना कोबी चालत नाही त्यांनी लाल भोपळा किसून परतावा. खमंगपणा थोडा कमी, गोडवा तेवढाच.

घरी चौघांसाठी करायची तर चार कच्ची केळी, वाटीभर मटार, एक मोठी ढोबळी मिरची, चार-पाच लालभडक टोमॅटो आणि दोन मुठी चिरलेला कोबी घ्या. केळ्यांची टोकं कापून ती सालीसकट कुकरला दोन शिट्ट्या काढून उकडा. साल ठेवली तर केळं काळवंडत नाही. चिकासाठी हाताला आणि सुरीला तेल लावा. गरम असतानाच सोलून घोटा, गार झाल्यावर गुठळ्या राहतात. तव्यात तेल आणि लोणी तापवून पाव चमचा हिंग घाला आणि लगेच कोबी परता. मग ढोबळी मिरची, मग टोमॅटो आणि मीठ. टोमॅटोला तेल सुटेपर्यंत धीर धरा; केळं आधी पडलं तर टोमॅटो नीट शिजत नाही आणि भाजीला कच्चा वास राहतो. रंगाला काश्मिरी मिरचीची पूड, मग पावभाजी मसाला, मग केळं आणि उकडलेले मटार. पाणी घालाल ते कढत. वाटतं त्यापेक्षा थोडी सैल ठेवून दहा मिनिटं मंद आचेवर रटरटू द्या. शेवटी कसुरी मेथी चुरडून, लिंबू, कोथिंबीर. सोबत कांद्याऐवजी लिंबू पिळलेला बारीक टोमॅटो आणि काकडी.

पाहुणे जैन असतील तर मसाल्याच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचा. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहाराची खूण आहे. आत लसणीची पूड आहे की नाही हे तो सांगत नाही. पावाचंही विचारून घ्या, कारण आंबवलेला बेकरीचा पाव काही जण घेत नाहीत.

बाहेर खायची असेल तर जिथे ती जास्त खपते तिथेच खा. तिथला घाणा सतत नवा पडतो, तवा वेगळा असतो. एकाच तव्यावर उलथन्याने खरवडून कोपऱ्यात केलेली भाजी श्रद्धेने पाळणाऱ्याला चालत नाही आणि चवीलाही धड लागत नाही. घाटकोपर आणि मुलुंडमध्ये कच्छी-गुजराती वस्ती मोठी आणि जुनी आहे, म्हणून तिथे ही भाजी उत्तम मिळते. तिथल्या गल्ल्यांत जैन दाबेली आणि जैन शेवपुरीही घ्यावी. कच्छमधल्या मांडवीहून आलेल्या दाबेलीच्या गोड-तिखट मसाल्याशी केळ्याचं छान जमतं. केळ्याचा वडापाव मात्र मला पटलेला नाही. वड्याचा सगळा जोर लसणीवर आणि सुक्या चटणीवर असतो, तिथे हिंग एकटा पुरा पडत नाही.

हा विषय नुसता चवीचा नाही, हे मला ठाऊक आहे. मासे-मटण खातो म्हणून घर नाकारल्याचे अनुभव मुंबईत अनेक मराठी कुटुंबांनी घेतले आहेत. २०१५ च्या पर्युषणात मांसविक्रीच्या बंदीवरून शहरात मोठा वाद पेटला आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबरच्या बंदीला मुंबईपुरती स्थगिती दिली. शेजाऱ्याच्या कढईत काय तळलं जावं हे सोसायटीने ठरवणं मला मुळीच मान्य नाही, आणि तसं होतं तिथे विरोध झालाच पाहिजे. पण तो राग तव्यावर काढू नये. खाऊगल्लीतला तवेवाला एकाच संध्याकाळी एकाला बटाट्याची आणि दुसऱ्याला केळ्याची भाजी वाढतो आणि दोघंही एकाच फुटपाथवर शेजारी उभे राहून खातात. आंतरराष्ट्रीय विमानांत जैन जेवणाला ‘व्हीजेएमएल’ असा स्वतंत्र कोड आहे आणि ते आगाऊ कळवावं लागतं. इथे ते उभ्या-उभ्या, समोर तयार होतं. सोसायट्यांच्या सभांना न जमलेला शेजारधर्म या गल्ल्यांनी टिकवला आहे.

तेव्हा पुढच्या वेळी घाटकोपरला किंवा मुलुंडला गेलात, की दोघांत एक रेग्युलर आणि एक जैन मागवा. आधी केळ्याची संपवा, कारण ती गरम असेपर्यंतच खरी लागते.