समजात अवयव आणि त्यांची नावे

मागील घटकात आपण पारिभाषिक संज्ञेची लक्षणे पाहिली. आता शरीररचनाशास्त्रातील एक उदाहरण घेऊ. संकोचामुळे वर्गात ते टाळले जाते. परंतु संज्ञा वाचकाची दिशाभूल कशी करते, हे दाखवणारे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते.

गर्भधारणेनंतरचे सुमारे सहा आठवडे स्त्रीगर्भ व पुरुषगर्भ यांची जननेंद्रिये रचनेने सारखीच असतात. जननग्रंथी अविभेदित असतात आणि पुढे स्त्रीची व पुरुषाची अंतर्गत इंद्रिये ज्यांपासून घडतात, त्या नलिकांच्या दोन्ही जोड्या प्रत्येक गर्भात असतात. ‘प्रत्येक गर्भ आधी स्त्रीच असतो’ हे लोकप्रिय विधान म्हणूनच काटेकोर नाही. त्यानंतर सामान्यतः ‘वाय’ गुणसूत्रावरील एका जनुकाच्या प्रभावाने (हे जनुक १९९० मध्ये ओळखले गेले) या ग्रंथींचे वृषण होतात. एरवी त्यांची अंडाशये होतात. एकाच उंचवट्यापासून पुरुषात शिश्न, तर स्त्रीत शिश्निका घडते. त्वचेच्या ज्या दोन वळ्या स्त्रीमध्ये विलग राहून बृहद्भगोष्ठ होतात, त्याच पुरुषात मधोमध जुळून वृषणकोश बनतो. त्या सांध्याची रेघ पुढेही दिसत राहते.

अशा अवयवांना ‘समजात’ म्हणतात. येथे समान असतो तो उगम. आकार वा कार्य समान असलेच पाहिजे असे नाही. भाषेच्या अभ्यासकाला ही कल्पना नवी नाही. मराठी ‘हात’ आणि हिंदी ‘हाथ’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘हस्त’, प्राकृत ‘हत्थ’ या मार्गाने आले. ‘हात’ हा ‘हाथ’चा अपभ्रंश आहे, असे आपण म्हणत नाही.

‘शिश्निका’ ही संज्ञा मात्र नेमके तसेच काही सुचवते. ‘-इका’ हा प्रत्यय स्त्रीलिंगी रूप करतो, तसेच लघुत्वही दाखवतो : पुस्तक–पुस्तिका, नाटक–नाटिका. त्यामुळे एक अवयव मूळ व दुसरा त्याची लहान प्रत, असा ग्रह होतो. वस्तुतः या अवयवाचा बराच मोठा भाग शरीराच्या आत असतो. ऑस्ट्रेलियातील मूत्ररोग-शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये शवविच्छेदनाच्या आधारे ते सविस्तर दाखवले. आरोग्यपुस्तिकेत केवळ ‘लहानसा उंचवटा’ असे वाचणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या शरीराची अपुरी माहिती मिळते, आणि त्यात संज्ञेचाही वाटा असतो.

अंडाशयाची कथाही अशीच आहे. युरोपीय वैद्यक त्याला शतकानुशतके ‘स्त्रीचे वृषण’ म्हणत असे. सतराव्या शतकात त्याला स्वतःचे नाव मिळाले. मराठीत ‘अंडकोश’ आणि ‘अंडाशय’ या दोहोंत ‘अंड’ आहे. पहिल्यात त्याचा अर्थ वृषण, दुसऱ्यात स्त्रीबीज. अनुवाद करताना हे दोन अर्थ वेगळे ठेवावे लागतात.