रानफळ त्यांचे, नफा कोणाचा?

कातडी कमावण्याच्या धंद्यातील आपल्या बांधवांना हिरडा नवा नाही. याच हिरड्याच्या कुळातील एक झाड ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात रानोमाळ वाढते. त्याला काकडू प्लम म्हणतात. ब्रूमकडचे मूळ रहिवासी गुबिंगे म्हणतात. फळ लहान, हिरवट, चवीला आंबट-तुरट. शंभर ग्रॅम संत्र्यात क जीवनसत्त्व 50 मिलिग्रॅमच्या आसपास असते. या फळाच्या काही नमुन्यांत ते 3,000 च्या वर गेले आहे.

साहजिकच मागणी वाढली. सौंदर्यप्रसाधने, आरोग्यपूड, इतकेच काय, शिजवलेली कोळंबी जास्त दिवस टिकावी म्हणूनही ते वापरतात. एका अमेरिकन प्रसाधन कंपनीने तर अर्काच्या वापरावर पेटंट मागितले होते; ऑस्ट्रेलियात तो अर्ज टिकला नाही. पण ज्यांनी हे फळ अन्न आणि औषध म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांचे काय? तेथील देशी रानमेव्याच्या धंद्यात मूळ रहिवाशांचा हिस्सा एक-दोन टक्केच, असा अंदाज अलीकडेपर्यंत दिला जात होता.

तोडणारा किलोवर पैसे घेऊन मोकळा होतो. कमाई पुढे आहे, गर आणि पूड करण्यात. आपला बाळहिरडा वाळवून भाव येईपर्यंत ठेवता येतो. या फळाला ती सवलत नाही, लगेच गोठवले नाही तर गुण उतरतो. त्यात वाडेयसारख्या वस्तीचा रस्ता पावसाळ्यात बंद पडतो. मग ज्याचे शीतगृह, त्याचा भाव.

म्हणून उत्तरेकडील मूळ रहिवाशांच्या संस्थांनी मिळून काकडू प्लम आघाडी उभारली. जमिनीच्या पारंपरिक मालकांची संमती घेऊन तोडणी होते, आणि निवडणे-गोठवणे शक्यतो आपल्याच हाती ठेवायचे, असा बेत आहे. मोठ्या खरेदीदाराला दरसाल ठरावीक प्रतीचा भरपूर माल हवा असतो. रानझाड मात्र एका साली लगडते, दुसऱ्या साली वणव्याने रिकामे राहते. दहा ठिकाणचा माल एकत्र आला की एकाची तूट दुसरा भरतो; शिवाय एका वस्तीला दुसरीविरुद्ध उभे करून भाव पाडणे खरेदीदाराला अवघड जाते.

खरी चिंता आता बागांची आहे. धनवान कंपनीने शेकडो एकर लागवड केली तर रानातला माल महाग ठरेल. ब्रूमच्या दक्षिणेस बिड्याडांगा येथील मूळ रहिवाशांनी म्हणूनच आपल्याच जमिनीत गुबिंगेची रोपे लावून पाहिली आहेत.