गुलाबी बाटलीपासून तासातासाच्या आकड्यापर्यंत

निपाणीत उतरलं की तंबाखूचं गाव आलं, हे आधी नाकालाच कळतं. ट्रकांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडचं तसं नाही. त्याची चोवीस तासांची सरकारी मर्यादा घनमीटरमागे ८० मायक्रोग्रॅम. एवढ्याशा प्रमाणात त्याचा वासच येत नाही. महामार्गावरच्या ट्रकांबद्दल तक्रार करायची तर हाती माप हवं.

हे माप देशात १९८४ पासून पद्धतशीर घेतलं जाऊ लागलं. जिल्ह्याच्या ठिकाणी, बेळगावात, ते काम कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑटोनगरातल्या इमारतीवर चाले. पंपाने ओढलेली हवा सोडियम आर्सेनाइटच्या द्रावणातून बुडबुडत जायची, दर चार तासांनी बाटली बदलायची. प्रयोगशाळेत रसायनं मिसळली की द्रावण गुलाबी होई. रंग जितका गडद, तितका वायू जास्त. पद्धत स्वस्त आणि भरवशाची, पण आठवड्यातून दोनच दिवस, म्हणजे वर्षाला १०४ नोंदी. उरलेल्या पाच दिवसांची हवा बिनहिशेबी. शिवाय सकाळच्या गर्दीचा धूर दिवसाच्या सरासरीत विरून जायचा.

एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक आला, आणि रोजच्या रोज आकडा द्यायचा तर बाटली पुरेना. आता बेळगावात रामतीर्थनगरला स्वयंचलित केंद्र आहे. अशा यंत्रात नायट्रिक ऑक्साइडची ओझोनशी गाठ घालतात; त्यातून निघणारा अंधूक प्रकाश मोजला की प्रमाण कळतं. नायट्रोजन डायऑक्साइड मोजायचा तर आधी तापवलेल्या मॉलिब्डेनमवरून नेऊन त्याचा नायट्रिक ऑक्साइड करावा लागतो. गोम इथेच आहे: नायट्रिक आम्लासारखी इतर संयुगंही त्यात रूपांतरित होतात आणि आकडा थोडा फुगतो. यंत्राचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

माझी खरी कुरकुर वेगळी आहे. निपाणी कर्नाटकात, पण तिथून महाराष्ट्रातलं कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. कोल्हापूरची हवा शिवाजी विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग महाराष्ट्राच्या प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी वर्षानुवर्षं मोजत आला. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूर आहे, बेळगाव नाही. निपाणीजवळच्या कोगनोळीच्या टोलनाक्यावर खोळंबणाऱ्या ट्रकांचा धूर मात्र कर्नाटकाच्या खात्यात. २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हा नाक्यावरच्या हवेत किती फरक पडला हे पाहण्याची संधी होती.

त्यासाठी लाखोंचं यंत्रच लागतं असंही नाही. ट्रायइथेनॉलअमाइन लावलेल्या जाळीची बोटभर नळी खांबाला दोन-चार आठवडे टांगली की सरासरी मिळते. वीज नको, पंप नको. निपाणीला खेटून असलेलं अर्जुननगरचं देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या हद्दीत आहे. तिथल्या रसायनशास्त्राच्या मुलांनी मनावर घेतलं तर हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी नळ्या लावता येतील.