रिपोर्ट ब्रूनोचा, करामत गोळीची!

शुक्रवारची संध्याकाळ. अंधेरीहून डहाणू लोकल, बोईसरला उतरून रिक्षा आणि थेट नवापूर. वीकएण्डचा प्लॅन एकदम सिंपल : समुद्र, बोंबील आणि ब्रूनो. विरार मागे पडलं आणि आईचा फोन. "अगं, ब्रूनोचं लिव्हर गेलंय! बाबांनी त्याची फिटची गोळी बंद केलीय."

ब्रूनो आमचा सात वर्षांचा लॅब्रेडॉर. दोन वर्षांपूर्वी त्याला फिट यायला लागल्या, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ फिनोबार्बिटोन. आता दात साफ करायचे म्हणून रक्त तपासलं, तर एएलपी मर्यादेच्या चौपट, एएलटीही थोडं वर. फॉर्मवर चालू औषधांचा रकाना होता. तो आम्हीच कोरा सोडला होता!

बाबांचं लॉजिक तसं बिनतोड. गोळीने लिव्हर बिघडतंय? मग गोळी बंद. मी गाडीतूनच नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते पहिलं वाक्य बोलले, "आधी गोळी द्या, मग बोलू." ही गोळी अचानक बंद केली तर एकामागून एक फिट येऊ शकतात आणि त्यात कुत्रा दगावूही शकतो. नशीब, एकच डोस चुकला होता.

मग फंडा कळला. हे औषध पचवायला लिव्हर जास्तीची एन्झाइम्स तयार करतं आणि त्यासोबत एएलपीही वाढतं. तारापूर एमआयडीसीत ऑर्डर वाढली की कारखाना जादा शिफ्ट लावतो, तसंच. धूर जास्त दिसला म्हणून कारखाना बुडाला असं थोडंच आहे? गंमत म्हणजे 'लिव्हर फंक्शन टेस्ट' म्हणून आपण घाबरतो त्या एएलटी-एएलपीवरून लिव्हर काम किती करतंय हे कळतच नाही. ते सांगतात अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि बाइल अॅसिड्स.

स्टेरॉइडची तऱ्हा आणखी न्यारी. खाजेसाठी प्रेडनिसोलोन दिलं की कुत्र्याचं लिव्हर एएलपीचा एक खास प्रकार बनवतं, जो माणसात होतच नाही. कानात घालायच्या स्टेरॉइडच्या ड्रॉप्सनेही आकडा चढू शकतो. (आमच्या ब्रूनोच्या कानात गेला महिनाभर काय चाललं होतं, ओळखा पाहू!)

म्हणून गोळी अगदी निर्धोक, असंही नाही हं. फिनोबार्बिटोनने काही कुत्र्यांचं लिव्हर खरंच खराब होतं, विशेषतः रक्तातली पातळी 35 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर राहिली तर. एएलपीपेक्षा एएलटी जास्त उसळलं, अल्ब्युमिन घसरलं, डोळे पिवळे दिसले, खाणं सुटलं, तर डॉक्टर औषध बदलतात. पण ते ठरवायचं त्यांनी, व्हॉट्सअॅपवरच्या काकांनी नव्हे.

शनिवारी ब्रूनोची बाइल अॅसिड टेस्ट झाली. बारा तास उपाशी ठेवून एकदा रक्त, मग थोडं खायला घालून दोन तासांनी पुन्हा. लॅब्रेडॉरला बारा तास उपाशी ठेवणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरी आहे त्यालाच विचारा. स्वारी रात्रभर ताटली वाजवत होती.

दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. अल्ब्युमिन ठीक, गोळीची पातळीही मर्यादेत. पुढची तपासणी सहा महिन्यांनी. त्या फॉर्मसाठी बाबांनी औषधांची यादी आत्ताच फ्रिजवर चिकटवलीय. कानातल्या ड्रॉप्ससकट.